आंब्यावरचा घाव

विहिरीकडच्या आंब्यावर कुऱ्हाडीचा घाव दिसला आणि मालतीआजीच्या हातातली परडी तशीच राहिली. घाव काही मोठा नव्हता. खालची जाड फांदी जिथून बाहेर पडून बाक घेत वर चढते, तिथे कुणीतरी तळहाताएवढी साल उडवली होती. आतलं लाकूड उघडं पडलं होतं आणि पाझरलेला चीक काळा पडायला लागला होता. म्हणजे घाव आजचा नव्हता, पण फार जुनाही नव्हता.

दुसऱ्या एखाद्या झाडावर असा घाव असता तर तिने पोफळीच्या बागेत आलेल्या कुणा उनाडाला दोन शिव्या घातल्या असत्या आणि जास्वंदी काढायला पुढे गेली असती. पण हा आंबा तिचा होता. तिचा म्हणजे तिच्या मालकीचा एवढंच नव्हे. इब्रामपूरच्या त्या घरात प्रत्येक म्हाताऱ्या माणसासाठी एक आंबा राखून ठेवायची चाल होती. माणूस गेलं की त्याच्या आंब्याला कुऱ्हाड लागायची आणि ते लाकूड सरणाला जायचं. तोंडाने कुणी हे म्हणत नसे. सासूचा आंबा गोठ्यामागे होता, नवऱ्याचा कुंपणाच्या कडेला. दोन्हीकडे आता नुसते बुंधे होते आणि त्यांवर कोंबड्या बसत. विहिरीकडचा एक आंबा उरला होता आणि घरात म्हातारं माणूसही एकच उरलं होतं. त्यामुळे तो कुणाचा, हे सांगत बसायची गरज नव्हती.

माणूस जितं आहे तोवर त्याच्या आंब्याला लोखंड लावायचं नाही, हा त्यातला नियम. कैऱ्यासुद्धा काठीला जाळी बांधून काढायच्या. मालतीआजी या घरात आली तेव्हापासून कुणी तो मोडला नव्हता.

घरात आल्यावर तिने नातसुनेला, सिद्धीला, सहज विचारल्यासारखं विचारलं. सिद्धी नारळ खवत होती. मान वर न करता ती म्हणाली, म्हशीने शिंग घासलं असेल. संध्याकाळी नातू सर्वेश आला, तेव्हा तिने त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, सुतारपक्षी असेल.

वाड्यावर म्हैस उरली नव्हती त्याला किती पावसाळे लोटले होते. आणि सुतारपक्षी भोक पाडतो, सपाट साल उडवत नाही. एका घावाची दोन उत्तरं म्हटल्यावर आजीने तिसरं शोधायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून डोळे उघडे ठेवले.

डोळे उघडे ठेवल्यावर पुष्कळ काही दिसायला लागलं. तिचा मुलगा कृष्णनाथ पणजीला सरकारी कचेरीत होता. त्याचा फोन यायचा तो रविवारी, आणि तोही सर्वेशसाठी. आता तो रोज फोन करायला लागला. आई जेवलीस का, झोप लागली का, पायाची सूज कशी आहे. पायाला सूज कधी आलीच नव्हती. सिद्धीने तिला पेडण्याला नेऊन रक्त तपासून आणलं. डॉक्टर हसून म्हणाला की आजी ठणठणीत आहेत, पण आजी बाहेर बाकावर येऊन बसली तरी सिद्धी आत काहीतरी विचारत राहिली. आणि दुपारच्या झोपेचं तर काय सांगावं. आजी डोळे मिटून पडली की थोड्या वेळाने दारात पाऊल वाजायचं. पापण्यांच्या फटीतून तिला दिसायचं, सिद्धी उंबऱ्यावर उभी राहून तिच्या छातीकडे बघते आहे. छाती वरखाली होताना दिसली की ती हळूच परत जायची.

एकदा आजीने मुद्दाम श्वास रोखून धरला. सिद्धी धावत खाटेपाशी आली. आजीने डोळे उघडून पाणी मागितलं. सिद्धीने पाणी दिलं आणि पेला रिकामा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

माणूस जायला झालं की घरातली माणसं अशीच वागतात, हे मालतीआजीने दोनदा पाहिलं होतं. सासूच्या वेळी तर ती स्वतःच उंबऱ्यावर उभी राहून बघत असे. डॉक्टरने यांना काहीतरी सांगितलं आहे, हे तिच्या मनात पक्कं बसलं. आपण चाललो आहोत, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आपल्यालाच कुणी सांगत नाही. जायचं भय तिला तितकंसं नव्हतं. पण आपल्याच घरात आपल्या पाठीमागे तयारी चालावी, हे तिला सहन होईना. आंबा चांगला सुका निघेल की ओला, हे कुणी आधीच साल काढून पाहावं?

त्यात सर्वेशने होडीचं काढलं.

सर्वेश बरीच वर्षं बोटीवर होता, परदेशी प्रवाशांच्या खोल्या आवरायच्या कामावर. आता परत जाणार नाही म्हणाला. नदीत होडी घालून पाहुण्यांना फिरवायचं, पाणमांजरं दाखवायची, असं त्याच्या डोक्यात होतं. होडी विकत घेणार नव्हता, स्वतः करणार होता. लाकडाच्या पट्ट्यांची. जेवताना त्याने आजीला समजावून सांगितलं. बोटाएवढ्या रुंद, पेन्सिलीपेक्षा पातळ अशा लांब पट्ट्या कापायच्या, साच्यावर एकीला एक चिकटवत न्यायच्या, वरून आतून फायबरचं कापड आणि चिकट द्रव लावायचा. एका माणसाला डोक्यावर उचलून नेता येईल इतकी हलकी होडी.

आजी जेवता जेवता ऐकत होती. तिचा बाप तारी होता. पूल व्हायच्या आधी नदीच्या दोन काठांमधली सगळी माणसं, गुरं, लग्नाची वऱ्हाडं त्याच्या होडीतून पार झाली होती. लहानपणी ती होडीच्या तळाशी बसून करवंटीने पाणी उपसायची. होडी काय असते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. एकसंध आंब्याचं खोड आतून कोरलेली ती छोटी होडी, पाती. जाड फळ्या काथ्याने शिवलेली ती मोठी होडी. काजूच्या टरफलांचं काळं तेल पाजलेलं लाकूड, ज्याचा वास बापाच्या अंगाला सणासुदीलाही यायचा. आणि हा सांगतो पेन्सिलीपेक्षा पातळ पट्ट्यांची होडी. त्या पट्ट्यांवर पापड वाळत घालता आले असते, माणूस बसवता आला नसता.

म्हणजे होडी हे निमित्त. लाकूड कापायला माणूस घरी आणायचा, करवत आणायची, शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी हवं.

सर्वेश लाकूड बघायला डिचोलीला जाणार म्हणाला तेव्हा आजी म्हणाली, मीही येते. सर्वेश आणि सिद्धीने एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणंही तिने मनात टिपून ठेवलं. उन्हाचं कशाला, गिरणीत धूळ असते, असं दोघांनी म्हणून पाहिलं. शेवटी सर्वेशने मित्राची गाडी आणली आणि तिला पुढे बसवलं.

लाकडाची गिरण शंभू नावाच्या माणसाची होती. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. आजीला खुर्ची देता देता त्याने सर्वेशला हळू आवाजात विचारलं, "ह्याच काय त्या आजी?"

सर्वेशने घाईघाईने मान हलवली आणि विषय बदलला. डिचोलीतल्या परक्या माणसालासुद्धा ठाऊक होतं तर.

पण खुर्चीवर बसून तिने नातवाला जे करताना पाहिलं, त्याने ती थोडी गोंधळली. सर्वेश लाकूड खरंच निवडत होता. सागवान त्याने हात न लावता सोडलं, जड म्हणून. फणसाच्या पिवळ्याधमक फळ्या बघून आजीलाच मोह झाला, पण त्याने एक तुकडा वाकवला आणि तो कटकन मोडला. अकेशियाची फळी त्याने एका डोळ्यासमोर धरून कडेने पाहिली आणि तिला पीळ आहे म्हणून खाली ठेवली. मग शंभूने मागच्या बाजूने शिवणीच्या झाडाचे ओंडके काढून दाखवले. फिकट, साईच्या रंगाचे, उचलायला हलके. सर्वेश त्यांच्यापुढे उकिडवा बसला. टोकाकडची वर्तुळं बोटाने चाचपली, गाठी कुठे आहेत ते खडूने दाखवलं, ओंडका असा उभा फिरवून चिरा की रेषा सरळ येतील, असं सांगितलं. गाठीचे भाग बाजूला काढले. शेवटी एक चिरलेली फळी उचलून त्याने नाकाशी नेली आणि वास घेतला.

मालतीआजीचा बाप असाच वास घ्यायचा. ही आठवण तिला नको असताना आली, म्हणून ती नातवावर आणखी चिडली.

फळ्या घरी आल्या. मागच्या खोपटात सर्वेशने त्या रचल्या. दर दोन थरांमध्ये आडव्या चिपा, म्हणजे वारा खेळेल, टोकांना जुना रंग, म्हणजे तडे जाणार नाहीत, वरून पत्रा. सिद्धीने आजीला बजावलं, तिकडे जाऊ नका, पाय घसरेल. आता या घरात पत्र्याखाली लाकूड रचायची दोनच कारणं असत. एक पावसाळ्यातली चूल, पण गॅस आल्यापासून ती गेली होती. दुसरं कारण आजीला सांगायला नको होतं. नवऱ्याच्या आजारपणात तिने स्वतः असंच सुकं लाकूड रचून घेतलं होतं, कारण नुसता ओला आंबा पेटत नाही.

मग दोडामार्गाकडचा गोपाळ आला, मशीनच्या करवतीवर काम करणारा. दोघांनी मिळून फळ्यांच्या पट्ट्या पाडायला घेतल्या. दिवसभर करवतीची किरकिर चाले, अंगणात पिवळसर भुसा साचे. गोपाळ आला की आधी आजीकडे येऊन विचारायचा, काकी, बरी मा? तोही. दुपारी पाणी प्यायला विहिरीवर गेला की आंब्याकडे बघायचा, मग आजीकडे बघायचा आणि नजर वळवायचा.

एका दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना आजी खोपटात गेली. पट्ट्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या, एकसारख्या, रंध्याने तासलेल्या. कडांना बारीक खोबण, एकीची कड दुसरीत बसावी अशी. तिने एक तुटका तुकडा पदराखाली लपवून आणला, न्हाणीतल्या गरम पाण्यात भिजवला आणि गुडघ्यावर ठेवून वाकवला. तो वाकला. आणखी वाकवला, तरी मोडला नाही. हात सोडल्यावर बाक तसाच राहिला, होडीच्या कुशीसारखा. सरणाला लाकूड हवं असतं तर कुणी कडांना खोबणी पाडत बसलं नसतं. होडी खरी असावी.

पण मग आंब्यावरचा घाव कशाला? आणि सिद्धी उंबऱ्यावर का उभी राहते?

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले, गोपाळही होता, तेव्हा तिने वाटीतली सोलकढी संपवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोपाळा, उद्या विहिरीकडलो आंबो मारून टाक. मुळातसून. माझ्या डोळ्यांदेखत होऊंदे."

सिद्धीच्या हातातली पळी आमटीच्या भांड्यात पडली. गोपाळने घास खाली ठेवला.

"आजी, असा अभद्र बोलू नये," सिद्धी म्हणाली.

"अभद्र काय त्यात? डॉक्टरान तुका काय सांगल्यान, ता माका सांग. मगे आंबो कधी मारूचो, ता मी बघतंय."

"डॉक्टरान काय एक सांगूक नाय. तुमची तब्येत माझ्यापेक्षा बरी आसा, असा म्हणालो तो."

"मगे तू माझी छाती कित्या बघतंस?"

सिद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी सर्वेशने ताट बाजूला सारलं. "आजी, तो घाव मीच घातलंय," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. होडीला पुढे नि मागे नाळ लागते, म्हणजे ज्या वाकड्या उभ्या लाकडावर सगळ्या पट्ट्यांची टोकं येऊन बसतात ते. हे लाकूड सरळ फळीतून कापलं तर रेषा मध्येच तुटते आणि ते फुटतं. त्याला जन्मतः बाक असलेली फांदी लागते. सर्वेशने पोफळीच्या कुळागरात, शेजाऱ्यांच्या परसात सगळी झाडं पाहिली. हवा तसा बाक एकाच ठिकाणी होता. एके सकाळी आजी देवळात गेलेली असताना त्याने रेषा कशी जाते ते पाहायला साल उडवली. नुसती साल. बोटीवर इतकी वर्षं काढून घरच्या चाली त्याच्या लक्षातून गेल्या होत्या, असं तो म्हणाला, आणि आजीला त्यातला अर्धाच भाग खरा वाटला.

सिद्धी पाणी काढायला आली, तिने ते पाहिलं आणि घागर तिथेच सोडली. तिचं माहेर डिचोलीकडचं, तिथेही हीच चाल. तिच्या आत्येच्या लग्नात मांडवासाठी कुणीतरी आजोबांच्या आंब्याची डहाळी कोयत्याने तोडली होती आणि वरात परत यायच्या आधी आजोबा गेले होते. सर्वेशने जित्या आजीच्या आंब्याला लोखंड लावलं, आता आजीला बोलावणं येणार, हे तिच्या मनाने घेतलं. सर्वेश आधी हसला. मग रात्री त्यालाही झोप येईना. बापाला फोन केला, तर कृष्णनाथ दोघांना मूर्ख म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच रोज फोन करायला लागला. सिद्धीने गुपचूप देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला, तर पाकळी उजवीकडे पडेना नि डावीकडेही पडेना. डिचोलीच्या शंभूला फोनवर आणि पुढे गोपाळलाही सर्वेशने लाकडाच्या गोष्टी बोलता बोलता हे सांगून टाकलं होतं. शंभू म्हणाला होता, आजीच्या पायांवर डोकं ठेव आणि सांगून मोकळा हो. तेवढंच त्यांना जमलं नव्हतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आजी, तुझं मरण आम्ही चुकून हाक मारून बोलावलं?

मालतीआजीने सगळं ऐकून घेतलं. आपण चाललेलो नाही, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. इतके दिवस तिने मनाशी बरीच आवरासावर केली होती. पैठणी कुणाला, तांब्याचा हंडा कुणाला, हेसुद्धा ठरवून झालं होतं. ते सगळं परत जागच्या जागी ठेवायचं म्हणजे कामच होतं. आणि हायसं वाटण्याआधी तिला रागच आला.

"म्हशीन शिंग घासल्यान," ती सिद्धीला म्हणाली. "निदान दोघांनी एकच खोटा बोलूचा."

गोपाळला हसू आलं, ते त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावून लपवलं.

मग ती उठली आणि सर्वेशला म्हणाली, चल, दाखव मला. तो खोपटातून पुठ्ठ्याचा कापलेला आकार घेऊन आला. विहिरीपाशी जाऊन त्याने तो फांदीवर धरला. बाक बाकाला लागून बसला, जणू झाडाने तो आकार आधी पाहून फांदी वाढवली होती. मालतीआजीने मान मागे टाकून वर पाहिलं आणि तिला नदीकाठ आठवला. बाप तिला खांद्यावर घेऊन चालतो आहे आणि वर बघतो आहे. लोक आंब्याखाली गेले की कैऱ्या बघतात. तिचा बाप झाडांची कोपरं बघायचा. हे कोपर होडीच्या बरगडीला, ते कोपर सुकाणूला, असं बोट दाखवत जायचा. तिला वाटायचं, आपल्या बापाला झाडांची हाडं दिसतात.

ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. आताही सांगितली नाही. पुठ्ठा मात्र हातात घेऊन फांदीवर थोडा खाली सरकवला.

"हय धर," ती म्हणाली. "वर धरलंस तर गाठ येता. तुका दिसणा नाय काय?"

सर्वेशने तिने दाखवलेल्या जागी खडूने खूण केली.

फांदी न्यायला तिने परवानगी दिली, पण अटी घातल्या. काळोख्या पंधरवड्यात कापायची, चांदण्यात कापलेलं आंब्याचं लाकूड भुंगा खातो, हे तिच्या बापाचं. कापलेल्या तोंडाला शेण नि माती लिंपायची. आणि खोडाला धक्का लावायचा नाही. खोड तिचं. तिच्या अंगात आता उरलंय काय, तिला खोड पुरे. सिद्धी यावर पुन्हा रडायला लागली, तर आजीने तिला गप्प केलं. झाड जिचं आहे तिने स्वतः पहिलं लोखंड लावलं तर दोष कुणाला लागणार, असं तिने विचारलं. तशी चाल कधी कुणी ऐकली नव्हती, पण ती नाही असंही कुणाला म्हणता येईना.

अवसेच्या सुमाराला गोपाळ करवत घेऊन आला. फांदीवर नुकता मोहर धरायला लागला होता. मालतीआजीने घालून जुन्या झालेल्या लाल चोळीच्या खणाच्या दोन पट्ट्या खोडाभोवती बांधल्या होत्या, फांदी जिथून फुटते त्याच्या थोडी वर एक आणि थोडी खाली एक. या दोन पट्ट्यांच्या आत काय ते करायचं. सर्वेशने लहान कुऱ्हाड तिच्या हातात दिली. तिने नमस्कार केला, जुन्या घावाच्या शेजारी हलकेच एक घाव घातला, कुऱ्हाड परत दिली आणि अंगणातून आणलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथून करवतीचं पातं नीट दिसत होतं.

काम चालू असताना ती पापणी न हलवता बघत होती. पातं एकदा खालच्या पट्टीकडे कललं, तेव्हा तिने नुसतं खाकरलं आणि गोपाळने ते सरळ केलं. विश्वास म्हणजे काय तिला ठाऊक होतं, पण एकाच घावाची दोन उत्तरं ज्या घरात मिळाली तिथे खुर्ची जरा जवळ घेऊनच बसावं, असं तिचं मत झालं होतं.

फांदी तिला बांधलेल्या दोरांवर हेलकावत खाली आली. ती मातीला टेकली आणि करवत बंद झाली. मोहराचा वास परसभर पसरला. एवढी निवडून ठेवलेली, भांडून मिळवलेली फांदी, पण तिच्याकडे कुणी बघेना. सर्वेश, सिद्धी, गोपाळ, तिघेही खुर्चीकडे बघत होते.

मालतीआजीने एकेकाच्या तोंडावरून नजर फिरवली.

"काय बघतात?" ती म्हणाली. "आसंय मी हय. चाय ठेव गो."